इंटरनेट सेवा, घरगुती व व्यावसायिक

घर आणि व्यवसाय यांच्या इंटरनेट जोडणीकडून असलेल्या अपेक्षांमधील फरक. हे विवेचन भारतातील तारेच्या (तांबे वा फायबर) जोडण्यांपुरते आहे. जाहिरातींत हा फरक वेगाच्या आकड्यांत मांडला जातो. प्रत्यक्षात तो वाटणी, दुरुस्ती आणि पत्ता या तीन बाबींत ठरतो.

इतिहास : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. तेव्हा घर आणि व्यवसाय, दोघांनाही दूरध्वनीच्या तारेवरून डायल करावे लागे. ऐपत असलेल्या कंपन्या लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली राखीव लाइन) घेत. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची परवानगी मिळाली. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली. २०२३ पासून ती २ एमबीपीएस आहे.

वाटणीचे प्रमाण : एकाच क्षमतेवर किती ग्राहक बसवले आहेत, याचे हे माप. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० आणि व्यावसायिक ब्रॉडबँडसाठी १:३० अशी प्रमाणे आहेत. लीज्ड लाइनमध्ये ते १:१ असते, म्हणजे घेतलेली क्षमता त्या ग्राहकासाठी राखीव. घरात हे प्रमाण सहसा जाणवत नाही, कारण पन्नासही घरे एकाच क्षणी भरभरून डेटा ओढत नाहीत. रात्री नऊनंतर, सगळी इमारत सिनेमे पाहायला बसली की जाणवते. कार्यालयांचे उलट आहे. सकाळी अकराला शेजारची सगळी कार्यालये एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळे वाटणीचा लाभ तिथे कमी मिळतो. सेवादार ही प्रमाणे कितपत पाळतात याविषयी मतभेद आहेत.

उपलब्धता व दुरुस्ती : २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत सेवेची उपलब्धता ९८ टक्क्यांहून अधिक हवी, असे होते. आकडा भारदस्त वाटतो; पण तीस दिवसांच्या महिन्यात उरलेले दोन टक्के म्हणजे १४ तास २४ मिनिटे. ९० टक्क्यांहून अधिक बिघाड कामाच्या पुढच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, अशी अट होती. तीन कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ, पण सात दिवसांच्या आत लाइन बंद राहिली तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, पंधरा दिवसांपर्यंत पंधरा दिवसांची, त्यापुढे महिन्याची. घराला हे पुरते. चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयाला विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या भाडेसवलतीचा उपयोग नाही. म्हणून लीज्ड लाइनच्या करारात (एसएलए) दुरुस्तीचे तास आणि दंड लिहिलेला असतो. ९९.५ टक्के म्हणजे महिन्याला ३ तास ३६ मिनिटे, ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. ठरवून केलेली देखभाल या हिशेबातून बऱ्याचदा वगळलेली असते, हे करार वाचल्याशिवाय कळत नाही. २००६ च्या नियमांची जागा २०२४ च्या एकत्रित नियमांनी घेतली.

अपलोड : घराघरांत पोहोचलेल्या जीपॉन फायबरवर उतरता प्रवाह सुमारे २.५ जीबीपीएस आणि चढता १.२५ जीबीपीएस असतो, आणि तो ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटला जातो. घर मुख्यतः ओढून घेते. सीसीटीव्हीचे चित्रण, क्लाउडवरचा बॅकअप आणि व्हिडिओ बैठका चालवणारे कार्यालय पाठवतेही तितकेच.

आयपी पत्ता : आशिया-पॅसिफिक विभागातील आयपीव्ही-४ पत्त्यांचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक सेवादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरे ठेवतात. पाहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. स्वतःचा सर्व्हर किंवा शाखांमधील व्हीपीएन चालवणाऱ्याला पडतो. त्यासाठी स्टॅटिक आयपी जादा भाड्याने घ्यावा लागतो.

छोटे व्यवसाय : किराणा दुकानातील यूपीआय व्यवहाराला वेग फार लागत नाही, लाइन चालू असणे लागते. अशा दुकानाला आणि लहान दवाखान्याला महागड्या लीज्ड लाइनपेक्षा दोन वेगळ्या सेवादारांच्या साध्या जोडण्या अधिक उपयोगी. मात्र दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. वीज गेल्यावर फायबरचे यंत्र व राऊटर बंद पडतात; ते इन्व्हर्टरवर नसतील तर दुसरी जोडणीही व्यर्थ.

दर : लीज्ड लाइन तितक्याच वेगाच्या ब्रॉडबँडपेक्षा अनेक पटींनी महाग.

घरातून काम : कॉल सेंटर व तत्सम सेवांना पूर्वी दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागे, आणि कर्मचाऱ्यांना घरून काम देण्यावर अनामतीसह कडक अटी होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या, ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीच रद्द झाली आणि घरून काम करणारा कर्मचारी कॉल सेंटरचाच दूरस्थ प्रतिनिधी मानला गेला. २३ जून २०२१ च्या सुधारणेनंतर तो साध्या घरगुती ब्रॉडबँडवरूनही कॉल सेंटरशी जोडला जाऊ शकतो.