सूक्ष्मजंतुपटल-संक्रामण

सूक्ष्मजंतुपटल-संक्रामण : मूत्रनलिका, शिरेतील नलिका, हृदयाचा गतिकारक, कृत्रिम सांधा इ. शरीरात बसविलेल्या साधनांवर सूक्ष्मजंतू चिकटून वाढतात व स्वतः स्रवलेल्या बुळबुळीत आधारद्रव्यात वेढले जातात. या थराला सूक्ष्मजंतुपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. त्यामुळे होणारे संक्रामण चिवट असून औषधोपचार थांबताच पुष्कळदा उलटते.

इतिहास : डच निरीक्षक आंतॉन व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरील किटणातील सूक्ष्मजीवांचे वर्णन केले. व्हिनेगरने किटणाच्या बाहेरील भागातील जीवच मरतात, असेही त्यांना नंतर आढळले. परंतु पुढील काळात रोगजंतूंचा अभ्यास मुख्यतः शुद्ध संवर्धनांवर झाला आणि प्रतिजैव औषधांची परिणामकारकताही द्रवात मुक्त तरंगणाऱ्या जंतूंवरून ठरू लागली. कॅनडातील जे. डब्ल्यू. कॉस्टर्टन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये पृष्ठभागांना चिकटून राहणाऱ्या जंतूंकडे लक्ष वेधले. १९८२ मध्ये गतिकारकाच्या संक्रामित तारेवर असे पटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसून आले. १९८५ मधील एका प्रयोगात टोब्रामायसिनाच्या दर लिटरला ५० मिग्रॅ. प्रमाणाने तरंगणारे स्यूडोमोनस जंतू मेले; मूत्रनलिकेच्या द्रव्यावरील पटलातील काही जंतू मात्र १,००० मिग्रॅ. प्रमाणातही जगले. पटलाच्या खोल भागातील जंतूंची वाढ मंदावलेली असते, तर बहुतेक प्रतिजैव औषधे वाढत्या जंतूंवर प्रभावी ठरतात. हे या चिवटपणाचे एक प्रमुख कारण होय.

प्रतिबंध : पटल बनू न देणे हाच उत्तम उपाय ठरतो. मूत्र उघड्या पात्रात सोडण्याच्या जुन्या पद्धतीत काही दिवसांतच बहुतेक रुग्णांच्या मूत्रात जंतू आढळत. बंदिस्त निर्जंतुक निचऱ्याने हे लांबते, असे अमेरिकेत १९६६ मध्ये दाखविण्यात आले. मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत हात धुणे, नलिका बसविताना निर्जंतुक आवरणे वापरणे, क्लोरहेक्सिडिनाने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे व अनावश्यक नलिका काढणे हे पाच नियम कटाक्षाने पाळण्यात आले. तेथे रक्तसंक्रामणाचा मध्यक दर दर १,००० नलिका-दिवसांना २·७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला (२००६).

उपचार : संक्रामित साधन काढणे सर्वांत खात्रीचे असते, तथापि कृत्रिम सांधा किंवा गतिकारक काढण्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया रुग्णास कष्टप्रद व कधीकधी धोक्याची असते. अस्थिरोपणांच्या अल्पकालीन स्टॅफिलोकॉकस संक्रामणात ऊतक-स्वच्छता करून रोपण जागीच ठेवल्यावर रिफॅम्पिसिनाचा उपयोग होतो, असे १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दिसून आले. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनासह रिफॅम्पिसीन मिळालेले १२ पैकी १२, तर रिफॅम्पिसीन न मिळालेले १२ पैकी ७ रुग्ण बरे झाले. रिफॅम्पिसीन एकटे दिल्यास जंतू त्यास लवकर दाद देईनासे होतात, म्हणून ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात.