स्वतः बांधलेल्या लिनक्सवर डेस्कटॉप कोणता घ्यावा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून नीट चालणारे लॅपटॉप कपाटात पडून राहतात, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. अशा मशीनवर लिनक्स टाकता येतं हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण तयार लिनक्स न घेता त्याचा मूळ कोड आणून स्वतः बांधायचा, असाही एक मार्ग आहे. संगणक शिकणारी पोरं तो धरतात आणि डेस्कटॉपच्या टप्प्यावर येऊन अडकतात. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. घरात एकच संगणक असेल आणि त्यावर रोजचं काम चालत असेल, तर या फंदात पडू नये. लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकावं, तासाभरात काम होतं. स्वतः बांधणं हे शिकण्यासाठी आणि जास्तीच्या मशीनसाठी.

बांधायचं म्हणजे काय

माणसाने लिहिलेला कोड मशीनला कळेल अशा रूपात आणणं म्हणजे कंपाईल करणं. बाजारातून पीठ आणण्याऐवजी दाणे आणून घरच्या जात्यावर दळावेत, तसं. यासाठीचं सर्वात परिचित पुस्तक म्हणजे ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, इंग्रजीत आहे. एकेक पॅकेज कुठून आणायचं, कोणती आज्ञा द्यायची, सगळं क्रमाने दिलेलं आहे. जागा किमान १० जीबी, पण सोयीने करायचं तर ३० जीबी मोकळी ठेवावी.

वेळेचा हिशोब या पुस्तकात ‘एसबीयू’मध्ये असतो. पहिलं पॅकेज बांधायला तुमच्या मशीनला जितका वेळ लागला तो एक एसबीयू. पहिल्याला ४ मिनिटं लागली, तर ५ एसबीयूच्या पॅकेजला साधारण २० मिनिटं लागतील. अंदाजच आहे, पण रात्री मशीन चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला उपयोगी पडतो.

पुस्तक संपलं की हाती येतो काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. माउस नाही, चित्र नाही. पुढचं सगळं ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या दुसऱ्या पुस्तकात आहे, आणि तिथे कोणी हात धरून नेत नाही. निवड आपली आपण करायची.

डेस्कटॉपखाली काय लागतं

डेस्कटॉप म्हणजे एकच प्रोग्राम नव्हे. खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर, खालची किंवा वरची पट्टी, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज आणि हे सगळं सुरू-बंद करणारा सेशन, असा तो संच असतो. त्याच्या खाली पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा लागते. जुनी एक्स विंडो १९८४ पासूनची, नवी वेलँड २००८ पासूनची. त्यासोबत ग्राफिक्ससाठी मेसा. आणि मधल्या थरात टूलकिट, म्हणजे बटणं, मेन्यू, खिडक्या तयार करणारी लायब्ररी.

खरी निवड या टूलकिटपाशीच होते. एक्सएफसीई, ग्नोम, माटे, सिनॅमन हे जीटीकेवर उभे आहेत. केडीई प्लाझ्मा आणि एलएक्सक्यूटी हे क्यूटीवर. तयार लिनक्समध्ये याचा विचार करावा लागत नाही. इथे करावा लागतो, कारण टूलकिटही आपल्यालाच बांधायचं असतं.

इथेच पुष्कळांची फसगत होते. एलएक्सक्यूटी चालायला हलका, म्हणून जुन्या लॅपटॉपवर तो बांधायला घेतात. पण त्याच्यासाठी आधी क्यूटी बांधावी लागते आणि ती मोठी आहे. चालायला हलका तो बांधायलाही हलका, असं समजू नये. जीटीकेची वाटही अगदी मोकळी नाही. आयकॉन काढणाऱ्या लिबआरएसव्हीजीसाठी रस्ट ही भाषा लागते आणि ती बांधायला जुनं मशीन चांगलंच घामाघूम होतं. रस्टची तयार बायनरी मिळते, ती वापरण्यात कमीपणा नाही. क्यूटी वेबइंजिन तर शक्यतो टाळावं, त्याच्या पोटात आख्खं क्रोमियम आहे. ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची तयार प्रत घ्यावी.

ग्नोम घ्यायचा विचार असेल तर तो अगदी सुरुवातीला करावा. त्याची सिस्टीमडीवरची भिस्त वाढत चालली आहे, आणि सिस्टीमडी बसवायची ती पहिल्याच पुस्तकात. अर्ध्यात बदलायचं म्हणजे पाया पुन्हा खणणं.

मग कोणता घ्यावा? ४ जीबी रॅमच्या मशीनला एक्सएफसीई. १९९६ मध्ये ऑलिव्हिए फूर्दां यांनी सुरू केलेला हा डेस्कटॉप पहिल्यांदा बांधणाऱ्याला सर्वात सोपा जातो. भाग लहान आहेत आणि क्रम ठरलेला आहे. आधी लिबएक्सएफसीई४युटिल, मग एक्सएफकॉन्फ, लिबएक्सएफसीई४यूआय, पुढे पॅनेल, थुनार, शेवटी एक्सएफडब्ल्यूएम४ आणि सेशन. एखादा भाग चुकला तर तेवढाच पुन्हा बांधता येतो. २ जीबीच्या मशीनवर पूर्ण डेस्कटॉपचा हट्ट सोडून नुसता आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स घ्यावा. प्लाझ्मा आणि ग्नोम देखणे आहेत, पण ८ जीबीच्या खाली त्यांच्या मागे लागू नये. रॅम खातो तो मुख्यतः ब्राउझर, डेस्कटॉप नंतर.

लाइट गेली तर

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेलीच असते. कंपाईल चालू असताना लाइट गेली तर ‘मेक’ पुन्हा चालवल्यावर बहुतेकदा राहिलेल्या कामापासून पुढे जातं. पण एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहू शकते. म्हणून ते फोल्डर पुसून, कोड परत उघडून पहिल्यापासून बांधणं सुरक्षित. ‘मेक इन्स्टॉल’ चालू असताना गेली तर पूर्ण पॅकेज परत बसवावं. बांधणी मध्येच मरत असेल आणि संदेशात ‘किल्ड’ दिसत असेल, तर रॅम पुरलेली नाही. एका वेळी चालणारी कामं कमी करावीत आणि स्वॅप वाढवावा. डेस्कटॉपला हात घालण्याआधी आख्ख्या सिस्टीमची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवावी.

मराठीचं काय

फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी टाकावा. अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ करते, ती जीटीके आणि क्यूटी दोन्हीखाली असते. तपासायला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द टाइप करून बघावा. त्यातला ऱ्या नीट दिसला तर बहुतेक सगळं नीट आहे. मोडका दिसला तर आधी फॉन्ट बदलून पाहावा. ग्लिबसी बांधताना ‘एमआर_आयएन’ हे लोकेल तयार करायला विसरू नये. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड एक्सच्या कीबोर्ड यादीत असतोच, फोनेटिक हवा असेल तर आयबस आणि एम१७एन बांधता येतं.

सगळं बसल्यावर होम फोल्डरमधल्या डॉट एक्सइनिटआरसी फाइलमध्ये ‘स्टार्टएक्सएफसीई४’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि ‘स्टार्टएक्स’ द्यायचं. पुढची अपडेटही आपल्यालाच पाहावी लागतात, इथे स्टोअर नाही. ओपनएसएसएल, कर्नल आणि ब्राउझर या तिघांच्या नव्या आवृत्त्या महिन्यातून एकदा तरी तपासाव्यात.