कापूस एकाधिकार खरेदी, महाराष्ट्रातील
राज्यातील सर्व कच्चा कापूस शासनाने वा त्याच्या अभिकर्त्यानेच खरेदी करावा, अशी व्यवस्था. १९७१ च्या अधिनियमान्वये ती १९७२-७३ च्या हंगामापासून अंमलात आली व २००२ मध्ये संपुष्टात आली. शासनाचे कार्यक्षेत्र कोठवर असावे, या प्रश्नाचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग होय.

वऱ्हाडातील कापूस बाजारावर सरकारी नियंत्रण यापूर्वीही होते. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत वऱ्हाडास लागू झाली. मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी लोहमार्गावरील दारव्हा हे याच कापूसपट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण. दलाल व मापाडी यांस परवाने देणे, वजनमापे तपासणे व अडत ठरविणे एवढ्यावर सरकार थांबे. खरेदी व्यापारीच करीत. समित्यांवर त्यांचेच प्राबल्य असल्याने कास्तकाराची नागवणूक मात्र टळली नाही. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव त्यास कळतही नसे. एकाधिकाराची मागणी पुढे आली ती या अनुभवातून. ती निराधार म्हणता येणार नाही.

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने एखादा व्यवसाय नागरिकांना वगळून स्वतः चालविण्याची मुभा राज्यास दिली होती. त्यामुळे नव्या योजनेस घटनात्मक आधार मिळाला. हमी भावामुळे मंदीच्या वर्षी उत्पादकास निश्चित आधार लाभला, हे तिचे खरे यश. परंतु खरेदीदार, प्रतवारी ठरविणारा व तक्रार ऐकणारा एकच झाल्याने, कमी प्रत लागली किंवा चुकारे रखडले तरी शेतकऱ्यास दुसरे दार उरले नाही. व्यापाऱ्याविरुद्ध शासनाकडे जाता येत असे. शासनाविरुद्ध कोणाकडे जावे? शेजारच्या राज्यांत भाव चढले, की यवतमाळचा कापूस चोरट्या मार्गाने आदिलाबादकडे जाई; तेथे भाव पडले, की बाहेरचा कापूस येथील खरेदी केंद्रांवर येई. नाकी व तपासणी यांनी हा ओघ थांबला नाही. आपला माल हवा तेथे विकण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास असावे, अशी भूमिका शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने घेतली. भाव ठरविताना बाजारापेक्षा निवडणुकीचा विचार अधिक होऊ लागला आणि तोटा वाढत गेला.

२००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा प्रवेश मिळाला आणि पणन महासंघ अनेक खरेदीदारांपैकी एक ठरला. तथापि बाजार खुला झाल्याने कापूस उत्पादकाची विवंचना संपली नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात कर्ज व सिंचन यांवर भर होता.