‘टीक’ शब्दाचें माहेर



इंग्रजी शब्दाचा अर्थ परभाषेंत सांगूं लागलें म्हणजे कोशकाराची मोठी ओढाताण होते. मोलस्वर्थ आणि कॅंडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं केरळांत कोट्टयम् येथें बेंजामिन बेली या मिशनऱ्यानें आपला इंग्रजी-मल्याळम् कोश प्रसिद्ध केला. अशा कामांत एकेका शब्दाला जोडीदार शोधतांना जीव मेटाकुटीस येतो. पण कांहीं इंग्रजी शब्द असे आहेत कीं त्यांचें मल्याळम् भाषांतर करणें म्हणजे सासरीं गेलेल्या मुलीला माहेरीं आणून पोंचविणें होय. ‘टीक’ हा त्यांपैकीं एक.

टीक म्हणजे आपला साग. मल्याळम् भाषेंत या झाडाला ‘तेक्कु’ म्हणतात. शेवटचा उकार इतका हलका कीं मराठी कानाला ‘तेक्क’ एवढेंच ऐकूं येतें. म्हणजे ‘टीक’चा मल्याळम् अर्थ विचारला असतां उत्तर येतें तें मूळ शब्दच ! ‘मँगो’, ‘कॉयर’, फणसाला इंग्रजींत म्हणतात तो ‘जॅक’, हीं त्याच घरचीं भावंडें. माङ्ङ, कयर् आणि चक्क हीं त्यांचीं घरचीं नांवें.

आतां प्रश्न असा कीं, इंग्रजांनीं ‘साग’ हा शब्द कां उचलला नाहीं ? त्यांची वखार सुरतेस होती. तेथें साग हाच शब्द त्यांच्या कानांवर पडला असणार. शिवाय तो शब्द कांहीं घरकोंबडा नव्हता. संस्कृतांतील ‘शाक’पासून निघालेला हा शब्द अरबी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेला आणि अरबींत ‘साज’ होऊन बसला. परंतु युरोपच्या बाजूनें पाहिलें तर हकीकत निराळी दिसते. १४९८ सालीं वास्को द गामा उतरला तो कालिकतजवळ, मलबारच्या किनाऱ्यावर. पोर्तुगीजांनीं झाडाचें जें नांव तेथें ऐकलें तें ‘तेका’ या रूपानें आपल्या भाषेंत घेतलें, आणि इंग्रज येईपर्यंत किनाऱ्यावरील व्यापाराची बोली पोर्तुगीज होऊन गेली होती. मालाबरोबर मालाचें नांवहि पहिल्या गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जातें, हाच येथील प्रकार असें मला वाटतें.

पुढें डचांचा कोचीन येथील अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ तयार करविला. तो आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत छापला गेला. इट्टि अच्युतन् या मलबारी वैद्याप्रमाणेंच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मणहि त्या कामीं साह्यकर्ते होते, हें आपल्याकडे फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. त्या ग्रंथांतहि हें झाड ‘थेका’ याच नांवानें आलें आहे. शास्त्रीय नांव पडलें ‘टेक्टोना ग्रँडिस’. ग्रीक भाषेंत ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार. मलबारचें झाड सुताराच्या नात्यांत शोभून दिसलें खरें!

या शब्दाला इंग्रजींत प्रतिष्ठा आली ती मात्र जहाजांमुळें, आणि येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचीं जहाजें बांधलीं. इंग्लंडांत ओक वृक्षाचें लांकूड अपुरें पडूं लागलें होतें. शिवाय ओकमधील आम्लानें लोखंडी खिळे खाऊन जातात. सागांतील तेलामुळें लोखंडास तसा उपद्रव होत नाहीं. ‘कॉर्नवॉलिस’ हें युद्धनौकेचें धूड १८१३ चें. १८४२ सालीं नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८१७ सालीं मुंबईसच पाण्यांत लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे.

परंतु ज्या झाडानें शब्दाला मोठेपणा दिला त्या झाडाच्या धन्यांचें काय झालें ? आरमाराची भूक भागविण्यासाठीं १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन याची मलबारच्या जंगलांवर नेमणूक झाली, आणि १८०७ च्या जाहीरनाम्यानें सागावर कंपनीनें राजहक्क सांगितला. परवानगीवांचून साग तोडण्यास मनाई झाली. ज्यांच्या बापजाद्यांनीं तेक्कु तोडून घरें बांधलीं, नावा बांधल्या, लांकडाचा व्यापार केला, ते आपल्याच रानांत चोर ठरूं लागले. माझ्या मतें या शब्दाच्या इतिहासांतील हा सर्वांत कडू भाग. लोकांची ओरड इतकी झाली कीं मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनीं १८२३ सालीं तो अधिकारच मोडून टाकला. मन्रोंना रयतेची नाडी कळत होती, हें कबूल केलें पाहिजे.

झाडें मात्र तोवर पुष्कळच कमी झालीं होतीं. म्हणून १८४० नंतर मलबारचा कलेक्टर कॉनोली यानें निलंबूर येथें साग लावण्याचें मनावर घेतलें. आरंभीं बीं रुजेना. साग जंगलांत आपोआप उगवतो, पण हातानें पेरूं गेलें तर रुसतो. अखेर चातु मेनन या स्थानिक अंमलदाराच्या देखरेखीखालीं रोपें जगलीं आणि निलंबूरची लागवड जगभर नांवाजली गेली.

इकडे इंग्रजींत शब्दाचा उपयोग सैल होत गेला. ‘बर्मा टीक’ म्हणतात तो खराच साग. पण ‘आफ्रिकन टीक’ या नांवाखालीं विकलें जाणारें लांकूड अगदीं निराळ्या झाडाचें. टिकाऊ, तांबूस-पिंवळें लांकूड दिसलें कीं व्यापाऱ्यानें त्याला टीक म्हणावें, अशी रीतच पडली. मल्याळम् भाषेंत असा घोटाळा कशास होईल ? तेथें तेक्कु म्हटलें कीं तेंच रुंद, खरखरीत पानांचें झाड. कॉनोलीच्या नांवानें राखलेल्या निलंबूरच्या तुकड्यांत त्या पहिल्या लागवडीपैकीं कांहीं झाडें अजून उभीं आहेत.