डिंपल कुलूप उघडणे (छंद)

डिंपल कुलूप म्हणजे किल्लीच्या सपाट पृष्ठभागावर कोरलेल्या खळग्यांनी उघडणारे पिन-कुलूप होय. असे कुलूप किल्लीवाचून आणि न मोडता, हातातील साध्या अवजारांनी उघडणे हा कुलूपछांदिष्टांमध्ये अवघड समजला जाणारा छंद आहे.

रचना

पिन-कुलुपात फिरणारा गाभा आणि त्याभोवतीचे स्थिर कवच असे दोन भाग असतात. स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या दोन्ही भागांत अडकून गाभा रोखून धरतात. योग्य किल्ली घातल्यावर प्रत्येक जोडीचा सांधा गाभ्याच्या कडेशी येतो व गाभा फिरतो. नेहमीच्या किल्लीच्या धारेवर दाते असतात. डिंपल किल्लीत त्यांच्याऐवजी कमीअधिक खोलीचे खळगे असतात. त्यामुळे पिना एकाहून अधिक ओळींत बसविता येतात. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिट्झ शोरी यांनी 1934 मध्ये अशी उलटसुलट चालणारी किल्ली विकसित केली. ती 'काबा' या नावाने प्रसिद्ध झाली.

सुरक्षा पिना

काही पिना मध्यभागी रिळाप्रमाणे बारीक, तर काही खाचेदार असतात. गाभ्यावर ताण देऊन पिना चाचपू लागताच रिळासारखी पिन तिरपी होऊन अडकते. गाभा किंचित फिरतो आणि कुलूप उघडत असल्याचा भास होतो. अशा वेळी ताण हलकेच सैल करून गाभा थोडा मागे येऊ द्यावा लागतो. ताण अधिक सैल झाला, तर आधी जागेवर बसलेल्या पिनाही सुटतात. किल्लीची फट अरुंद असल्याने उचकण्याऐवजी झेंड्याच्या आकाराचे टोक असलेली व स्वतःभोवती फिरवायची सळई वापरतात.

इतिहास

जोसेफ ब्रामा यांनी 1784 मध्ये पेटंट घेतलेले कुलूप उघडणाऱ्यास 200 गिनींचे बक्षीस लावलेले होते. अमेरिकन कारागीर आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज यांनी 1851 मध्ये लंडन येथे ते उघडले. त्याच वर्षी त्यांनी चब कंपनीचे कुलूपही उघडले. संघटित छंदाचे आधुनिक स्वरूप 1997 मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या मंडळापासून दिसते. नेदरलँड्समधील 'टूल' ही संस्थाही प्रसिद्ध आहे.

नियम व वाद

छंदाचे दोन नियम सर्वमान्य आहेत: स्वतःच्या मालकीचे किंवा मालकाची परवानगी असलेलेच कुलूप उघडावे, वापरातील कुलुपाला हात लावू नये, कारण अवजाराने ते बिघडून घरचा माणूसच बाहेर अडकू शकतो. अपप्रवेशासाठी कुलूप उघडून घरात शिरणे भारतीय कायद्यानुसार घरफोडीत मोडते.

ही विद्या उघड केल्याने चोरांचे फावते, असा आक्षेप हॉब्ज यांच्या काळापासून घेतला जातो. त्यावर, चोरांना कुलुपांतील उणिवा आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतो तो ग्राहक, असे उत्तर दिले जाते. मात्र उणीव कळली तरी घरोघरी बसविलेली कुलुपे लगेच बदलली जात नाहीत. म्हणून ती आधी निर्मात्याला कळवून नंतर जाहीर करावी, असा मध्यममार्ग अनेक छांदिष्ट स्वीकारतात.