पाट्यावरचे मीठ



उत्तनचे नाव काढले की जाणकार माणूस धारावीचा किल्ला, चिमाजीअप्पा आणि 1739 सालची वसईची मोहीम यांवर बोलू लागतो. ते बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कामगारांच्या वस्तीत, संघाच्या कचेरीतल्या कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर. तेव्हा आज आम्ही किल्ल्याची नव्हे, एका बाटलीची गोष्ट सांगणार आहोत. बाटलीत हिरवट मीठ होते.

भाईंदर स्टेशनावरून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. हा सारा मिठागरांचा मुलूख. पुढे डोंगरी ओलांडली की वलांडींवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आणि उत्तन आले हे डोळे मिटूनही कळते. काही वर्षांपूर्वी मिठागरातल्या मजुरीसंबंधी हिंडत असता आम्ही उत्तनच्या एका ख्रिस्ती कोळी मावशींच्या ओट्यावर टेकलो. त्यांनी तांदळाची भाकरी पुढे केली आणि बाटलीतले मीठ वर भुरभुरले. लसणीची पात, कोथिंबीर आणि हिरवी मिरची, तिन्ही परसातली, जाड्या मिठाबरोबर पाट्यावर वाटून वाळवलेली. आम्ही विचारले, "मावशी, ही रीत कुठली?" त्या म्हणाल्या, "कुठली म्हणजे? कालवण नसेल त्या दिवसाची."

या उत्तराने आम्हांला मिठाच्या इतिहासाच्या मागे लावले.

पाला आणि मीठ एकत्र करण्याची विद्या फार जुनी आहे. चरकाने सैंधव, पादेलोण, बिडलोण, सामुद्र आणि औद्भिद अशी पाच लवणे सांगितली. वैद्यांच्या लवणभास्कर चूर्णात मीठ हाच मोठा भाग, आणि त्याच्या जोडीला धने, पिंपळी, तमालपत्र, नागकेशर, डाळिंब अशी मंडळी. अपचनावर ते आजही देतात. पण वैद्याने कुपीत भरले ते औषध ठरले, आणि बाईने बाटलीत भरले ते नुसते तोंडीलावणे ठरले! नाव कोणाचे राहते हे असे ठरत असते.

आता मीठ येते कोठून ते पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्यात सोडीत उन्हाने आटवायचे, आणि पुरते दाट झाले की उथळ वाफ्यांत मीठ धरू द्यायचे. आधी चुनखडीचे नि जिप्समचे क्षार खाली बसतात, मग मीठ, आणि शेवटी राहते ते कडू पाणी. ते वेळीच काढून टाकले नाही तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उरतात. पावसाळ्यात आपल्या घरची मिठाची बरणी पाझरते ती मुख्यतः यांच्यामुळे. हे सारे काम पाऊस थांबल्यावर बांधबंदिस्तीने सुरू होते आणि मृग येईपर्यंत चालते. त्यात आगरी समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. आगर पिकवणारा तो आगरी, असे लोक सांगतात. पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे चुरचुरतात, टाचांना भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा मीठच शिरते. त्याचे वर्णन आम्ही लांबवीत नाही. ज्याने पाहिले त्याला ते नको, आणि ज्याने पाहिले नाही त्याला शब्दांनी कळणार नाही.

अशा या मिठावर सरकारची नजर गेली. मुंबई इलाख्यात 1837 च्या कायद्याने मणाला आठ आणे कर बसला. 1844 साली तो एक रुपया केला तेव्हा सुरतेत दंगा झाला, आणि सरकार बारा आण्यांवर उतरले. (दंगा सुरतेने केला, सूट सर्व इलाख्याला मिळाली, संघटनेची व्याख्या आम्ही कामगारांना समजावतो ती याहून निराळी नाही.) पुढे कर चढत चढत 1888 साली मणाला अडीच रुपये झाला. चाळीस शेरांचा मण, चाळीस आण्यांचे अडीच रुपये. म्हणजे शेराला नेमका एक आणा. ज्या घरात वर्षाला अर्धा मण मीठ लागे, त्याने सव्वा रुपया नुसता कर भरला. हा हिशेब श्रीमंताच्या घरी कोणी मांडला नसेल. नामदार गोखल्यांनी मात्र 1902 साली कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना हा कर कमी करा असे बजावले, आणि 1903 पासून तो उतरू लागला. 1923 साली तो पुन्हा दुप्पट होऊन अडीच रुपयांवर गेला, आणि पुढच्याच वर्षी सव्वा रुपयावर आला.

करापेक्षाही आम्हांला बोचते ती दुसरी गोष्ट. 1890 च्या मुंबई मीठ कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मीठ करणे हा गुन्हा होता. समुद्र दाराशी, ऊन फुकट, मडके घरचे. तरी मडक्यात खारे पाणी आटवले तर बाई गुन्हेगार! 1930 चा सत्याग्रह दांडीच्या किनाऱ्यापुरता नव्हता, तो चुलीपर्यंत पोचला तो यामुळे. 6 एप्रिलला मुंबईतही मीठ झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या बायका चौपाटीवर शेगड्या घेऊन उतरल्या, काँग्रेस हाउसच्या गच्चीवर वाफे बांधले गेले. मे महिन्यात शिरोडा आणि वडाळा येथे लोकांनी लाठ्या खाल्ल्या. पुढे 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम आले: मीठ होते त्या भागालगतच्या गावकऱ्यांनी घरच्यापुरते मीठ करावे, गावात विकावेही, गावाबाहेरच्यांशी मात्र व्यापार करू नये. कलमाची अक्षरे धरून चालले तर किनाऱ्यावरच्या बाईने शेजारणीला मीठ विकले तर चालेल, पण तेच टोपलीत घालून शहरातल्या बाजारात नेले तर नाही. 1 एप्रिल 1947 पासून कर गेला.

कर गेला, पण वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाचे काय? एकदा मजुरीच्या बोलणीत एक मालक आम्हांला म्हणाले, "मीठ पाहिजे तेवढे घरी नेतात, आम्ही कधी अडवले?" आमच्या बरोबरची आगरी बाई शांतपणे म्हणाली, "शेट, मीठ आहे. त्याला लावायला भाकर द्या." बोलणी त्या दिवशी फिसकटली. आज त्या मिठागरांतले वाफेच ओस पडत आहेत. 2024 साली मुंबईतील मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्यास केंद्राने मंजुरी दिली. गरिबाला घर हवे यात वाद नाही. पण ज्याने ती जमीन पिकवली त्याचा हिशेब आधी मांडा, एवढेच आम्ही सभांतून म्हणत आलो.

मावशींची कृती विचारल्यावाचून भगिनी आम्हांला सोडणार नाहीत, म्हणून सांगतो. पाला धुऊन सावलीत पुरता कोरडा करावा. ओला राहिला की घात झाला. पाच वाट्या जाड्या मिठास एक वाटी वाटलेला पाला. मीठ जाडेच घ्यावे, त्याचे खडे पाल्याला आपणच रगडतात. मीठ पाल्यातले पाणी ओढून घेते, गोळा हिरवा नि ओलसर होतो. तो सुपात पसरून दोन-तीन दिवस वाळवावा, मधून मधून हाताने मोडावा. लसणीच्या पातीऐवजी कढीलिंब चालतो, ओव्याची पानेही चालतात. पुदिना आम्हांला स्वतःला आवडला नाही.

निघताना मावशींनी एक बाटली दिली. ती संघाच्या कचेरीत टेबलावर होती, आणि डबा न आणलेला प्रत्येक जण तीत बोट घालून जाई. आषाढात तिला पाणी सुटले. आश्विनात ऊन पडल्यावर आम्ही ती कचेरीच्या पायरीवर वर्तमानपत्रावर उपडी केली आणि मीठ पुन्हा वाळत घातले.