क्षेत्रनिहाय जोडी व्यवहार

क्षेत्रनिहाय जोडी व्यवहार ही शेअर बाजारातील एक व्यवहारपद्धती आहे. तीत एका उद्योगक्षेत्राच्या निर्देशांकाची खरेदी आणि दुसऱ्याची तितक्याच रकमेची विक्री एकाच वेळी केली जाते. बाजार चढेल की उतरेल हा येथे मुख्य प्रश्न नसतो. दोहोंपैकी कोणते क्षेत्र तुलनेने सरस ठरेल, एवढेच पाहिले जाते. बोलीभाषेत 'पेअर ट्रेडिंग' हाच शब्द रूढ आहे.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क येथील मॉर्गन स्टॅनलीमध्ये नुन्झिओ टार्टाग्लिया यांच्या गटाने ही पद्धत संगणकाच्या साहाय्याने विकसित केली. आरंभी ती दोन समान कंपन्यांच्या शेअरांपुरती होती. क्षेत्रनिर्देशांकांना ती पुढे लागू झाली.

पद्धत

एका निर्देशांकाला दुसऱ्याने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा आलेख हा विश्लेषणाचा पाया होय. चलसरासरी, बोलिंजर पट्टे, आरएसआय ही तांत्रिक विश्लेषणाची नेहमीची साधने मग किमतीऐवजी या गुणोत्तरावर लावतात. गुणोत्तर सरासरीपासून दोन प्रमाणविचलनांहून अधिक दूर गेल्यास ते परतेल, असे मानून महाग क्षेत्र विकतात व स्वस्त क्षेत्र विकत घेतात. काही विश्लेषक नेमके उलट करतात : गुणोत्तराचा कल ज्या दिशेने असेल, त्याच दिशेने ते सौदा करतात. म्हणजे आलेख एकच असून त्यावरून परस्परविरुद्ध निर्णय निघू शकतात, ही बाब प्राथमिक पुस्तकांत पुरेशी स्पष्ट केलेली नसते.

भारतात सर्वसाधारण गुंतवणूकदाराने हाती नसलेले शेअर रोखीच्या बाजारात विकल्यास ते त्याच दिवशी परत घ्यावे लागतात. त्यामुळे अनेक दिवस चालणाऱ्या जोडीतील विक्रीची बाजू प्रायः वायदे बाजारात उभारली जाते.

उदाहरण : बँका आणि माहिती तंत्रज्ञान

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील निफ्टी बँक व निफ्टी आयटी यांचे गुणोत्तर २०१९ च्या अखेरीस सुमारे २.०५ होते. करोना साथीच्या काळात कर्जवसुलीची चिंता वाढली, तर संगणक सेवांना मागणी आली. २०२० च्या अखेरीस गुणोत्तर १.२९ वर आले. ते आता परतेल या अपेक्षेने त्या वेळी कोणी १० लाख रुपयांच्या बँका घेऊन तितकेच तंत्रज्ञान विकले असते, तर २०२१ मध्ये बँकांत सुमारे १३ टक्के, म्हणजे १.३ लाख रुपये मिळाले असते. परंतु निफ्टी आयटी जवळजवळ ५९ टक्के वाढल्याने दुसऱ्या बाजूस ५.९ लाख रुपये गेले असते. वर्षअखेरीस गुणोत्तर ०.९२ होते. २०२२ मध्ये मात्र तंत्रज्ञान क्षेत्र सुमारे २६ टक्के घसरले, बँका वधारल्या आणि गुणोत्तर १.५० वर गेले. दिशेचा अंदाज अखेर खरा ठरला खरा, पण वायद्यातील तोटा दररोज रोखीने भरावा लागतो. तोवर तग धरणे थोड्यांनाच शक्य झाले असते.

मर्यादा

दोन क्षेत्रे बरोबरीने हलतात एवढ्यावरून त्यांच्यातील अंतर स्थिर राहते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी सहसंबंधाऐवजी सहएकात्मतेची सांख्यिकीय चाचणी घेतात. व्याजदर, डॉलरचा दर किंवा सरकारी धोरण बदलल्यास जुनी सरासरीच निरुपयोगी होते. शिवाय दलाली व कर दोन्ही बाजूंवर द्यावे लागतात, आणि दर महिन्याला वायदा पुढे नेण्याचा खर्च वेगळा असतो.